शल्यविद्यार्थी आणि शब्दप्रमाण

पदव्युत्तर शल्यचिकित्सेच्या परीक्षेला बसणारा निवासी डॉक्टर जी विधाने ठामपणे करतो, त्यांपैकी फारच थोडी त्याने स्वतः पडताळलेली असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ काढून त्या भागाला किरणोपचार दिले, तरी रुग्ण स्त्रीचे आयुष्य त्यामुळे कमी होत नाही, हे तो उत्तरपत्रिकेत लिहितो आणि तोंडी परीक्षेतही सांगतो. परंतु हे विधान सिद्ध होण्यासाठी शेकडो स्त्रियांचा वीस-वीस वर्षे पाठपुरावा करावा लागला, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातील तरुण विद्यार्थ्याला असा अनुभव असणे शक्यच नाही. त्याच्या बोलण्याला आधार असतो तो दुसऱ्याच्या शब्दाचा. यथार्थ ज्ञानाच्या साधनाला भारतीय दर्शनांत ‘प्रमाण’ म्हणतात. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते, आणि त्यांतील शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश, म्हणजेच ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो अशा माणसाचे वचन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही वस्तुनिर्णयाची चार साधने सांगताना आप्तोपदेशाला प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांच्या बरोबरीने स्थान दिले आहे; युक्ती म्हणजे अनेक कारणांच्या संयोगातून घडणारे कार्य ओळखणारी बुद्धी. पाठ्यपुस्तक एक सांगते, युनिटचे प्रमुख दुसरे सांगतात आणि नुकताच प्रसिद्ध झालेला शोधनिबंध तिसरेच सांगतो, तेव्हा यांतील आप्त कोण मानावा, आणि परीक्षकासमोर एखादी गोष्ट निश्चयाने सांगण्याचा अधिकार विद्यार्थ्याला कशामुळे प्राप्त होतो, हा वरवर परीक्षेच्या तयारीचा वाटणारा प्रश्न मुळात ज्ञानमीमांसेचा आहे.

शल्यचिकित्सेच्या एम.एस. परीक्षेची रचनाच हा प्रश्न उभा करणारी आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००० साली केलेल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत लेखी परीक्षेसाठी चार प्रश्नपत्रिका ठरवल्या होत्या. त्यांतील एक मूलभूत वैद्यकशास्त्रांवर आणि एक त्या विषयातील अलीकडच्या प्रगतीवर असावी, असे त्यांत सांगितले होते. पाठ्यपुस्तकाची आवृत्ती निघेपर्यंत काही वर्षे जातात, त्यामुळे अलीकडच्या प्रगतीच्या प्रश्नपत्रिकेसाठी विद्यार्थ्याला नियतकालिकांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील जर्नलांकडे वळावेच लागते. दुसरी वाट प्रात्यक्षिक परीक्षेतली आहे. लाँग केस मांडून झाल्यावर, ही शस्त्रक्रिया का निवडली आणि तिला आधार काय, असे बाह्य परीक्षक विचारतात, आणि त्या वेळी एखाद्या चाचणीचे नाव आणि तिचे साल सांगता आले तर उत्तराला वजन येते, ही समजूत निवासी डॉक्टरांच्या पिढ्यांमधून चालत आलेली आहे. या समजुतीतून परीक्षेआधीच्या महिन्यांत चाचण्यांच्या नावांच्या याद्या हातोहात फिरतात, आणि पुष्कळ विद्यार्थी त्या याद्यांनाच जर्नलांचा अभ्यास समजतात.

या ठिकाणी न्यायशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या प्रवेशग्रंथात ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग केले आणि प्रमा, म्हणजे प्रमाणभूत ज्ञान, हे अनुभवाच्या बाजूला ठेवले. स्मृती खोटी असते असा याचा अर्थ नाही. ती पूर्वीच्या अनुभवाचा संस्कार पुन्हा जागा करते, आणि तिची यथार्थता त्या मूळ अनुभवाकडून उसनी आलेली असते, इतकेच त्यातून सुचवायचे आहे. ज्याने मूळ शोधनिबंध एकदा तरी नीट वाचला, कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, काय मोजले आणि किती काळ मोजले हे समजून घेतले, त्याला परीक्षेच्या दिवशी चाचणीचे नाव आठवले तर ती एका खऱ्या बोधाची स्मृती असते. केवळ यादी पाठ करणाऱ्याजवळ असा मूळ बोधच नसल्यामुळे त्याच्या स्मृतीला उसनवारी करायलाही कोणी उरत नाही. यात निवासी डॉक्टरांवर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. आकस्मिक विभागातील सलग कामे, वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, प्रबंधाचे लेखन आणि लॉगबुक सांभाळून उरलेल्या वेळात वीस पानांचा निबंध वाचणे ही सोपी गोष्ट नाही, आणि अनेक महत्त्वाची जर्नले शुल्काच्या कुंपणाआड असल्याने विद्यार्थ्याच्या हाती बऱ्याचदा फक्त सारांशच पडतो. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जर्नल क्लब सुरू केला, त्यामागेही एकट्याला न परवडणारी नियतकालिके सर्वांनी मिळून घ्यावीत हा हेतू होता, ही गोष्ट आजच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना फारशी परकी वाटू नये.

तरीही प्रत्येक विधान मुळापासून तपासल्याशिवाय मानू नये, असा नियम केला तर शल्यचिकित्सा एक दिवसही चालणार नाही. ही अडचण भारतीय विचारवंतांना चांगली ठाऊक होती. नैयायिकांचे मत असे की ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, त्या ज्ञानाच्या बाहेरून, दुसऱ्या पुराव्याने कळतो. यालाच परतःप्रामाण्य म्हणतात. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टाने यावर आक्षेप घेतला की, पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा आधार हवा असेल तर दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल आणि ही साखळी कोठेच थांबणार नाही. तर्कशास्त्रात या दोषाला अनवस्था म्हणतात. म्हणून त्याने स्वतःप्रामाण्याचा पक्ष मांडला. ज्ञान झाले की ते खरे म्हणूनच स्वीकारावे, आणि पुढे दोनच प्रसंगी ते सोडावे: ज्या साधनातून ते आले त्यात दोष असल्याचे कळले तर, ज्याला कारणदोष म्हणतात, किंवा त्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान, म्हणजे बाधक ज्ञान, उत्पन्न झाले तर. वेदाचे प्रामाण्य राखण्यासाठी रचलेला हा सिद्धान्त मध्यरात्री फुटलेल्या आतड्याचा रुग्ण समोर असलेल्या निवासी डॉक्टरच्या स्थितीला आश्चर्य वाटावे इतका लागू पडतो. त्या क्षणी त्याने पाठ्यपुस्तकावर आणि ज्येष्ठांच्या शिकवणीवर विश्वास ठेवणे हे बुद्धीला सोडून नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे. पण या सिद्धान्ताची दुसरी बाजू तितकीच कठोर आहे, कारण विश्वासाची परवानगी देताना तो दोष आणि बाधक यांच्याविषयी कायम सावध राहण्याची अट घालतो, आणि आधुनिक शल्यचिकित्सेत साधनाचा दोष उघडा पडण्याची व बाधक ज्ञान प्रथम प्रकट होण्याची जागा जर्नल हीच आहे. पाठ्यपुस्तकात आधीच असलेल्या माहितीत थोडी नवी भर घालणे हा जर्नलवाचनाचा गौण लाभ होय. त्याचा मुख्य लाभ असा की, आजवर ज्यावर विश्वास ठेवला तो पुढेही ठेवावा काय, याचा निर्णय करण्याची पात्रता त्यातून येते.

ही पात्रता नसली तर काय होते, याचे उदाहरण शल्यचिकित्सेच्या इतिहासात स्तनकर्करोगाच्या प्रकरणाने दिले आहे. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या पन्नास रुग्ण स्त्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथी एकत्रितपणे काढणाऱ्या त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी कर्करोग उलटण्याचे प्रमाण अवघे सहा टक्के होते, तर त्या काळच्या युरोपीय शल्यविशारदांच्या नोंदींत ते निम्म्याहून अधिक असे. अहवालातील आकडे खोटे नव्हते. परंतु त्या जागी गाठ पुन्हा येणे आणि रुग्ण स्त्रीने जगणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या पुराव्यावर दुसरीचा निष्कर्ष उभारला गेला. तो निष्कर्ष पुस्तकांतून आणि गुरूकडून शिष्याकडे अशा परंपरेने सुमारे ऐंशी वर्षे पुढे जात राहिला, आणि तेवढ्या काळात अगणित स्त्रियांनी छातीचा स्नायू, हाताची ताकद आणि शरीराची ठेवण गमावली. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन गटाने १९७१ साली १६६५ स्त्रियांवर सुरू केलेल्या चाचणीत या मोठ्या शस्त्रक्रियेची तुलना लहान शस्त्रक्रियांशी केली, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यातही जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. हे बाधक ज्ञान होय. स्तन राखून केवळ गाठ काढण्याची चाचणीही याच गटाने पुढे केली. तिची कथा तर विद्यार्थ्याला कुमारिलाने सांगितलेले दोन्ही प्रसंग एकाच ठिकाणी दाखवते, कारण माँट्रियलमधील एका केंद्रावर रुग्णांच्या नोंदींत फेरफार झाल्याचे १९९४ साली जाहीर झाले, म्हणजेच साधनाचा दोष सिद्ध झाला. त्यानंतर त्या केंद्राचे रुग्ण वगळून सर्व आकडेमोड पुन्हा केली गेली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि मूळ निष्कर्ष टिकला. शिवाय इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी केलेल्या स्वतंत्र चाचणीचा निर्णयही त्याच्याशी जुळणारा होता. केवळ साल पाठ करणाऱ्या परीक्षार्थ्याला हा सारा प्रवास दिसत नाही. वैद्यकातील सत्य डागाळूनही पुन्हा कसे शाबीत होऊ शकते, हे या एका प्रकरणातून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या प्रकरणातून कळत नाही.

येथे नैयायिकांच्या बाजूने एक प्रतिवाद संभवतो, आणि तो शल्यविशारदांना विशेष आवडणारा आहे. न्यायमताप्रमाणे ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी सफल प्रवृत्ती ही आहे: पाणी समजून जवळ गेल्यावर तहान भागली, तर आधीचे ज्ञान खरे होते असे ठरते. ज्येष्ठ शल्यविशारद जेव्हा आपल्या हातून ही शस्त्रक्रिया नेहमी यशस्वी होते असे सांगतात, तेव्हा ते नकळत याच कसोटीचा आधार घेत असतात, आणि हाताला आलेल्या अनुभवाचे मोल कोणी नाकारू नये. सुश्रुतसंहितेत तर शस्त्रकर्माचा सराव फळभाज्यांवर कसा करावा यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. परंतु रुग्णाला बरे वाटणे ही सफल प्रवृत्ती मानली की शल्यचिकित्सेत ही कसोटी फसवू शकते. छातीतील विशिष्ट धमन्या बांधल्या की हृदयविकाराची कळ कमी होते, अशी एक शस्त्रक्रिया एके काळी केली जात असे आणि रुग्णांना आराम पडल्याचे दिसतही असे. १९५९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सतरा रुग्णांवरील एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काहींच्या धमन्या बांधल्या होत्या आणि काहींच्या त्वचेवर केवळ छेद घेतला होता, आराम दोन्ही गटांत सारखाच होता. याच जर्नलमध्ये २००२ साली गुडघ्याच्या झिजेविषयीचा १८० रुग्णांचा अभ्यास आला, आणि दुर्बिणीने सांधा साफ करणे किंवा धुणे हे लटक्या शस्त्रक्रियेहून सरस ठरले नाही. ज्या शल्यविशारदांनी वर्षानुवर्षे हे उपचार केले त्यांचे निरीक्षण खरे होते आणि हेतूही शुद्ध होता. फक्त रुग्णाला बरे वाटण्याचे कारण शस्त्रक्रियेतील तो विशिष्ट भाग होता काय, हे तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय कळण्याची सोयच नव्हती. एका माणसाच्या सफल प्रवृत्तीतून हा निर्णय निघत नाही. त्यामुळे शल्यविद्येत न्यायाची कसोटी राखायची असेल तर ती व्यक्तीच्या अनुभवावरून समूहाच्या तुलनेकडे न्यावी लागते.

दोन गटांची तुलना केल्यानेही काम पुरे होत नाही, याचे कारण उदयन आणि गंगेश या नैयायिकांनी उपाधीच्या विवेचनात दिले आहे, आणि संपूर्ण विषयात परीक्षार्थ्याने मन लावून समजून घ्यावा असा हाच भाग आहे. अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ साहचर्यावर, उभे असते. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हणाला तर ते चुकीचे ठरते, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. ओले इंधन ही येथे उपाधी, म्हणजे साहचर्याला मुकाट्याने आधार देणारी आणि लक्षात न आलेली अट. शोधनिबंधांत हीच अडचण पुन्हा पुन्हा येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत गर्भाशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली तरी परिणाम पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकेच चांगले येतात, असे जुन्या नोंदींवर आधारलेले अनेक अभ्यास सांगत होते आणि तशी शस्त्रक्रिया जगभर रूढही झाली होती. २०१८ साली ६३१ स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. यादृच्छिक म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टरच्या निवडीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेली. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के भरले. नोंदींवरून तुलना करताना गाठ लहान असलेल्या, प्रकृती धडधाकट असलेल्या किंवा अधिक अनुभवी हातांखाली आलेल्या रुग्ण कोणत्या गटात अधिक गेल्या हे निश्चित सांगता येत नाही, आणि असे प्रत्येक कारण ओल्या इंधनासारखे लपून राहू शकते. यादृच्छिक वाटपाचे तात्त्विक महत्त्व असे की, ज्ञात उपाधींबरोबर अज्ञात उपाधीही दोन्ही गटांत सारख्या विखुरल्या जाव्यात अशी ती व्यवस्था आहे. नैयायिकाला जी उपाधी सुचतच नाही, तिचेही निवारण करण्याचा हा एक प्रयत्न आहे. म्हणूनच विद्यार्थ्याने निबंधाचा निष्कर्ष वाचण्याआधी रुग्णांची निवड आणि दोन्ही गटांच्या प्रारंभिक स्थितीचा तक्ता वाचावा, आणि आपल्याला कोणती उपाधी संभवते ती कागदावर मांडूनच पुढे जावे, ही शिस्त परीक्षेच्या कोणत्याही टिपणवहीपेक्षा अधिक मोलाची मानली पाहिजे.

अशा चाचणीत माणसांचे उपचार चिठ्ठीवर सोडणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात असे प्रतिपादन आहे की न्यायाचा, म्हणजे प्रमाणांनी वस्तूची परीक्षा करण्याचा, व्यापार पूर्णतः अज्ञात किंवा आधीच निर्णय झालेल्या विषयात चालत नाही. तो संशयित विषयात चालतो. १९८७ साली बेंजामिन फ्रीडमन यांनी वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयी जवळजवळ हीच अट मांडली: दोन उपचारांपैकी अधिक चांगला कोणता याविषयी तज्ज्ञांच्या समुदायात प्रामाणिक मतभेद असेल, तेव्हाच रुग्णाला यादृच्छिक चाचणीत सहभागी करून घेणे योग्य. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या मुखकर्करोगाच्या चाचणीत हा संशय आणि त्याची किंमत दोन्ही दिसतात. तोंडातील गाठ लहान आहे आणि मानेत लसिका ग्रंथी हाताला लागत नाहीत, अशा रुग्णाच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की त्या दिसू लागेपर्यंत थांबावे, याविषयी जगभरातील शल्यविशारदांत अनेक दशके वाद होता. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या चाचणीतील पहिल्या पाचशे रुग्णांचे विश्लेषण २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तीन वर्षांनंतर आधीच ग्रंथी काढलेल्या गटात ८० टक्के रुग्ण जिवंत होते, थांबण्याच्या गटात ६७.५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. वादाचा निर्णय त्यामुळे झाला, पण थांबण्याच्या गटातील माणसांच्या आयुष्यांनीच तो झाला, आणि त्यांनी संमती दिली तेव्हा खरोखरच कोणालाही उत्तर ठाऊक नव्हते. महाराष्ट्रातील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या रुग्णाची केस मांडताना विद्यार्थी या चाचणीचा उल्लेख करतो, तेव्हा तो त्या माणसांच्या साक्षीवर बोलत असतो. आप्त या संकल्पनेत सहसा फक्त लेखक किंवा गुरू धरला जातो. शल्यविद्येत मात्र चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णांनाही त्या पंक्तीत बसवले पाहिजे, कारण मूळ साक्ष त्यांच्या शरीरांनी दिलेली असते. त्यांच्याविषयीचे निबंध न वाचता त्यांचा दाखला देण्यात कृतघ्नता आहे, हे कठोर वाटले तरी म्हणणे भाग आहे.

साक्ष ज्या मर्यादेत दिली त्याच मर्यादेत ती वापरणे हाही त्या ऋणाचाच भाग आहे. काखेतील पहारेकरी ग्रंथीत, म्हणजे गाठीकडून येणारा लसिकाप्रवाह प्रथम ज्या ग्रंथीत पोहोचतो तिच्यात, कर्करोग आढळला तरी उरलेल्या ग्रंथी न काढता चालते, असे सांगणारी अमेरिकेतील चाचणी २०११ साली ‘जामा’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १९०० स्त्रिया घेण्याचा बेत होता, प्रत्यक्षात ८९१ घेतल्या गेल्या. त्या सर्व स्तन राखून शस्त्रक्रिया होणाऱ्या, नंतर संपूर्ण स्तनाला किरणोपचार मिळणाऱ्या आणि काखेत हाताला ग्रंथी न लागणाऱ्या होत्या. ज्या वॉर्डात मोठी गाठ घेऊन उशिरा आलेल्या आणि संपूर्ण स्तन काढावा लागणाऱ्या स्त्रिया अधिक आहेत, तेथे या चाचणीचे केवळ नाव घेणारा परीक्षार्थी परीक्षेत पूर्ण गुण मिळवूनही समोरच्या रुग्णाविषयी खोटे बोलत असू शकतो. अपेंडिक्सच्या साध्या दाहावर केवळ प्रतिजैविके देण्याचा फिनलंडमधील २०१५ सालचा अभ्यास ५३० रुग्णांचा होता, आणि त्यात निदान सीटी स्कॅनने पक्के केलेले होते. तरीही औषधोपचाराच्या गटातील सुमारे २७ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. रात्री सीटी स्कॅनची सोय नसलेल्या आणि पुन्हा पोट दुखले तर रुग्ण किती वेळात परत येईल याची खात्री नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी हा निष्कर्ष किती चालतो, हे ठरवणे चरकाच्या युक्तीचे काम आहे. ते निबंधाच्या लेखकांवर टाकता येत नाही.

जर्नल वाचण्याची खरी जागा वाद आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद तत्त्वनिर्णयासाठी होतो, जल्प जिंकण्यासाठी होतो आणि त्यात शब्दच्छल चालतो, तर वितंडेत बोलणारा स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष पाडतो. चरकानेही विमानस्थानात सलोख्याने होणारी संधाय संभाषा आणि झुंजीने होणारी विगृह्य संभाषा असा भेद केला, आणि त्याच अध्यायात वैद्यांमध्ये अनेक शास्त्रे प्रचलित असल्यामुळे विद्यार्थ्याने आधी शास्त्राची व मग आचार्याची परीक्षा करावी, असेही सांगितले. महाविद्यालयांतील जर्नल क्लब पुष्कळदा वितंडेकडे झुकतो. रुग्ण थोडे होते, केंद्र एकच होते, पाठपुरावा अपुरा होता, असे म्हणत प्रत्येक निबंध पाडणे सोपे आहे आणि त्यातून बुद्धिमत्तेचा आभासही होतो. परंतु वॉर्डातील रुग्णाविषयी दुसऱ्या दिवशी काहीतरी ठरवावेच लागते, आणि पक्ष न मांडणाऱ्याला तो निर्णय घेता येत नाही. तोंडी परीक्षेत उलट संकट असते: ती जल्पाकडे सरकते. न्यायसूत्रांनी पराभवाची जी बावीस स्थाने सांगितली त्यांत उत्तर न सुचणे हे एक आहे, आणि परीक्षार्थ्याच्या मनावर त्याचेच दडपण इतके असते की उत्तर अजून कोणालाच ठाऊक नसलेल्या प्रश्नालाही तो निश्चित उत्तर देऊन मोकळा होतो. या सवयीचे पर्यवसान पुढे रुग्णाच्या नातेवाइकांना खोटी खात्री देण्यात होते, आणि म्हणून ती जोपासण्याचा दोष परीक्षेच्या पद्धतीकडेही जातो.

वाद म्हणून घेतलेली तोंडी परीक्षा कशी असू शकते, हे परळच्या त्याच चाचणीवरून दाखवता येते. ग्रंथी न लागणाऱ्या मुखकर्करोगात मानेची शस्त्रक्रिया केव्हा करावी, असे विचारल्यावर परीक्षार्थी आधी आपला पक्ष मांडेल की ती पहिल्याच शस्त्रक्रियेत करावी. मग पाचशे रुग्ण, तीन वर्षे आणि जगण्यातील फरक हा आधार सांगेल. नंतर ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीनेही त्याच दिशेला कौल दिला, हे सांगून संवाद, म्हणजे दुसऱ्या प्रमाणाशी जुळणी, दाखवेल. परीक्षक तेथे थांबणार नाहीत. गाठ तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर काय, असे ते विचारतील, आणि ज्या विद्यार्थ्याने मूळ निबंध वाचला आहे तो सांगेल की इतक्या उथळ गाठींच्या रुग्णांत त्या चाचणीने स्पष्ट लाभ सिद्ध केलेला नाही, म्हणून तेथे रुग्ण पाठपुराव्यासाठी नियमित येऊ शकेल काय हे पाहून, त्याला दोन्ही बाजू समजावून मगच निर्णय घ्यावा लागेल. पाठ केलेल्या यादीत या उत्तराला जागा नसते आणि गुणपत्रिकेतही त्याच्यासाठी वेगळा रकाना नसतो. तरी पूर्ण गुण याच उत्तराला द्यावेत, इतका निश्चय परीक्षकांनी केला, तर ग्रंथालयातील जर्नले परीक्षेच्या आदल्या महिन्याऐवजी निवासाच्या पहिल्या वर्षापासून उघडली जातील.